जगाला विक्का धर्म देणारा कस्टम अधिकारी: जेराल्ड गार्डनर आणि कुणालाही इजा न करण्याचा नियम

चेटकीण म्हटलं की आपल्याकडे काय आठवतं? टाचण्या टोचलेली बाहुली, लिंबू, अमावस्येची रात्र आणि कुणाचं तरी वाईट व्हावं म्हणून पुटपुटणारी म्हातारी. युरोपातही या शब्दाभोवतीचं चित्र फारसं वेगळं नव्हतं. तिथे पंधराव्या ते अठराव्या शतकात चेटूक केल्याच्या आरोपावरून चाळीस ते साठ हजार लोकांना मारण्यात आलं, असा आजच्या इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यात बहुसंख्य बायका होत्या.

त्याच युरोपात, त्यातही इंग्लंडमध्ये, विसाव्या शतकाच्या मध्याला काही लोक स्वतःहून आपण चेटूक करणारे आहोत असं सांगत पुढे आले. त्यांच्या धर्माचं नाव विक्का. देवी आणि शिंगं असलेला देव अशी दोन दैवतं, पौर्णिमेचे विधी, ऋतूंप्रमाणे येणारे आठ सण आणि पुनर्जन्मावर विश्वास, अशी त्याची ढोबळ ओळख सांगता येईल. या धर्माचा सगळ्यात प्रसिद्ध नियम मात्र ऐकणाऱ्याला गोंधळात टाकतो. कुणालाही इजा होत नसेल तर मनाला येईल ते करायला माणूस मोकळा आहे, असा तो नियम. ज्या लोकांना शेकडो वर्षं इतरांना इजा करणारे म्हणून फाशी दिलं गेलं, त्यांचं नाव घेणाऱ्या धर्माने नेमका हाच नियम का धरला?

याचं उत्तर शोधायला गेलं की आपण पोचतो जेराल्ड ब्रोसो गार्डनर या माणसापाशी. विखुरलेले केस, टोकदार पांढरी दाढी, चांदीचे दागिने आणि हातात सुरा, असे त्यांचे म्हातारपणीचे फोटो प्रसिद्ध आहेत. पण वयाची पन्नाशी उलटेपर्यंत हे गृहस्थ मलायात सरकारी नोकरी करत होते.

शाळेत न गेलेला मुलगा

गार्डनर यांचा जन्म १३ जून १८८४ रोजी लिव्हरपूलजवळच्या ब्लंडेलसँड्स इथे झाला. घरचा लाकूड आयातीचा मोठा धंदा होता, पैशाला तोटा नव्हता. मुलाला मात्र दम्याने पछाडलेलं. इंग्लंडचा हिवाळा त्याला झेपेना, म्हणून आईवडिलांनी त्याला जोसेफिन मॅककोंबी नावाच्या दाईबरोबर उबदार प्रदेशांत पाठवायला सुरुवात केली. कॅनरी बेटं, मदेरा, अशी त्यांची भटकंती चाले. शाळा झालीच नाही. चित्रांची मासिकं आणि हाताला लागतील ती पुस्तकं चाळत मुलगा स्वतःच वाचायला शिकला.

पुढे दाईने सिलोनमधल्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या एका मळेवाल्याशी लग्न केलं. १९०० साली, सोळाव्या वर्षाच्या आसपास, गार्डनरही तिकडे चहाच्या मळ्यावर कामाला गेले. तिथून बोर्निओ आणि मग मलाया. मळ्यावरचे गोरे साहेब संध्याकाळी क्लबात बसायचे, तेव्हा गार्डनर दायाक आणि मलय लोकांत जाऊन त्यांचे विधी बघत, अंगात येण्याचे प्रकार बघत, हत्यारांच्या गोष्टी ऐकत. मलय लोकांच्या क्रिस या नागमोडी पात्याच्या कट्यारीचा त्यांनी इतका अभ्यास केला, की १९३६ साली सिंगापूरहून निघालेलं त्यांचं त्या विषयावरचं पुस्तक जाणकारांनीही मान्य केलं.

क्रिसबद्दल मलय लोकांची समजूत अशी, की त्या पात्यात एक शक्ती असते आणि मालकाने नीट वागवलं नाही तर ती मालकावरच उलटू शकते. शक्ती चांगली किंवा वाईट नसते, ती कुणाच्या हातात आहे यावर सगळं अवलंबून असतं, हा विचार गार्डनर यांच्या पुढच्या लेखनात पुन्हा पुन्हा दिसतो. तो त्यांनी मलायातूनच उचलला असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण पंचवीसेक वर्षं अशा लोकांत काढलेल्या माणसाला तो नवा नव्हता एवढं नक्की.

मलायात ते आधी सरकारतर्फे रबराच्या मळ्यांची तपासणी करत, नंतर कस्टम खात्यात गेले. १९२७ साली डॉरोथिया रोझडेल यांच्याशी त्यांचं लग्न झालं. घरात त्यांना डोना म्हणत. या बाईंनी तेहतीस वर्षं संसार केला, नवऱ्याच्या चेटूकविद्येत मात्र कधीच भाग घेतला नाही.

जंगलाकाठचं गाव आणि एक गुप्त मंडळी

१९३६ साली निवृत्त होऊन गार्डनर इंग्लंडला परतले आणि काही काळाने दक्षिण किनाऱ्यावरच्या हायक्लिफ गावी राहायला गेले. शेजारीच न्यू फॉरेस्ट हे जुनं जंगल. जवळच्या क्राइस्टचर्चमध्ये गूढविद्येची आवड असलेल्यांचं एक नाट्यगृह चालायचं. तिथे त्यांची काही लोकांशी गट्टी जमली. गार्डनर यांच्या सांगण्यानुसार, या लोकांत एक आतली मंडळी होती, जी ख्रिस्तपूर्व काळापासून चालत आलेला चेटूकधर्म गुपचूप जपून होती. सप्टेंबर १९३९ मध्ये, म्हणजे दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच महिन्यात, डॉरोथी नावाच्या एका श्रीमंत वृद्धेच्या घरी आपल्याला दीक्षा मिळाली, असं ते सांगत.

हा वारसा खरंच इतका जुना होता का? इतिहासकार आज नाही म्हणतात. मार्गारेट मरे या इजिप्ततज्ज्ञ बाईंनी १९२१ साली असा सिद्धांत मांडला होता, की मध्ययुगात मारल्या गेलेल्या चेटकिणी खरं तर एका प्राचीन धर्माच्या अनुयायी होत्या. गार्डनर यांच्या डोक्यात हाच सिद्धांत पक्का बसला होता. पुढे अभ्यासकांनी तो मोडीत काढला. न्यू फॉरेस्टमध्ये एखादी मंडळी असेलही, पण ती बहुधा त्याच काळात जमलेली होती, असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे.

नीतीच्या दृष्टीने बघायचं तर या काळातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट १९४० सालची. फ्रान्स पडला होता आणि जर्मन सैन्य कधीही खाडी ओलांडून येईल अशी धास्ती होती. गार्डनर यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या उन्हाळ्यात मंडळीने रात्री जंगलात गोल करून मोठा विधी केला. सगळ्यांची मानसिक शक्ती एकत्र करून ती हिटलरच्या दिशेने सोडायची, असा बेत होता.

आता हा विधी कशासाठी होता ते नीट पाहायला हवं. गार्डनर यांच्या हकिकतीत कुणीही हिटलरच्या मरणाची इच्छा धरत नाही. समुद्र ओलांडणं आपल्याला जमणार नाही, एवढाच विचार त्याच्या डोक्यात घालायचा होता. लंडनवर बॉम्ब टाकू पाहणाऱ्या शत्रूबाबतही त्याला थोपवायचं, पण मारायचं नाही, ही मर्यादा कथेत पाळलेली आहे. विधी झाला की नाही याचा पुरावा नाही. पण आपले लोक कसे वागतात हे जगाला सांगताना गार्डनर यांनी ही रेघ आखली, हे महत्त्वाचं.

कायदा बदलला

तेव्हा ब्रिटनमध्ये १७३५ सालचा चेटूकविरोधी कायदा लागू होता. त्याने चेटकिणींना फाशी देणं थांबवलं होतं, कारण कायद्याच्या मते चेटूक अस्तित्वातच नव्हतं. गुन्हा होता तो आपल्याकडे अशी शक्ती आहे असं भासवण्याचा. हा कायदा नुसता कागदावर नव्हता. १९४४ साली हेलन डंकन या मृतात्म्यांशी बोलणाऱ्या बाईंना त्याखाली नऊ महिन्यांची कैद झाली होती.

म्हणून गार्डनर यांनी १९४९ साली आपले विधी उघड केले ते कादंबरीच्या आडून. 'हाय मॅजिक्स एड' हे तिचं नाव. १९५१ मध्ये जुना कायदा रद्द झाला आणि त्याच्या जागी लबाड माध्यमांना शिक्षा करणारा नवा कायदा आला. १९५४ साली गार्डनर यांनी 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक थेट आपल्या नावावर काढलं. प्रस्तावना मार्गारेट मरे यांची होती. आइल ऑफ मॅन बेटावर कॅसलटाउन इथलं चेटूकविद्येचं संग्रहालयही त्यांच्या ताब्यात आलं आणि म्हातारे गार्डनर तिथे पर्यटकांना आपली पुस्तकं सही करून देऊ लागले.

प्रसिद्धीची त्यांना हौस होती, यात शंका नाही. पण त्याबरोबर वर्तमानपत्रंही मागे लागली. विधी कपड्यांशिवाय चालतात म्हटल्यावर रविवारच्या पत्रांना आणखी काय हवं! सैतानपूजा, बळी, शाप असे सगळे आरोप झाले. आमच्यात सैतान नाहीच, तो ख्रिस्ती लोकांच्या गोष्टीतला आहे, असं गार्डनर परोपरीने सांगत राहिले. आपल्या धर्मात चांगलं-वाईट कसं ठरवतात, हे स्पष्ट सांगणं आता भाग होतं.

तीनशे सहासष्ट राण्यांचा राजा

१९५९ साली आलेल्या 'द मीनिंग ऑफ विचक्राफ्ट' या पुस्तकात गार्डनर यांनी ते सांगितलं. कुणालाही वाटेल की त्यांनी एखाद्या प्राचीन पोथीचा दाखला दिला असेल. त्यांनी दाखला दिला पॉझोल राजाचा.

हा राजा कुठल्याच देशात होऊन गेला नाही. पिएर लुई या फ्रेंच लेखकाच्या १९०१ सालच्या विनोदी आणि बऱ्यापैकी चावट कादंबरीचा तो नायक. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक आणि लीप वर्षाची सोय म्हणून आणखी एक, अशा त्याच्या ३६६ राण्या. चेरीच्या झाडाखाली बसून तो न्यायनिवाडा करतो. त्याच्या राज्याच्या कायद्यात दोनच कलमं आहेत: शेजाऱ्याचं नुकसान करू नका, आणि तेवढं सांभाळून हवं ते करा. चेटूक करणाऱ्यांची नीती साधारण या राजासारखी असते, असं गार्डनर यांनी लिहिलं. जादू वापरताना ती कुणाला बाधणार नाही ना हे आधी तपासावं, अशी पुस्तीही जोडली.

आज जगभर गंभीरपणे सांगितल्या जाणाऱ्या एका धर्मनियमाचं हे मूळ गमतीदार आहे खरं, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. गार्डनर यांच्यासमोर दुसरा पर्यायही होता. १९४७ साली ते अॅलिस्टर क्रोली या कुप्रसिद्ध इंग्लिश गूढवाद्याला भेटले होते आणि आपल्या विधींच्या वहीत क्रोलीचं बरंच लेखन त्यांनी उतरवून घेतलं होतं. क्रोलीच्या पंथाचा मुख्य नियम माणसाच्या इच्छेलाच कायदा मानतो. इच्छा म्हणजे लहर नव्हे, प्रत्येकाचं खरं जीवितकार्य, असा खुलासा त्याचे अनुयायी करतात. तरी दुसऱ्याला इजा न करण्याची अट त्या नियमात नाही. गार्डनर यांनी विधींचे शब्द क्रोलीकडून घेतले, पण नीती सांगायची वेळ आली तेव्हा क्रोलीला बाजूला ठेवून चेरीच्या झाडाखालचा राजा निवडला.

नियमांवरून फूट

गार्डनर यांच्या मंडळीत १९५३ साली डोरीन व्हॅलिएंट नावाची तिशीतली एक हुशार बाई दाखल झाली. वहीतले क्रोलीचे तुकडे तिने लगेच ओळखले आणि तसं तोंडावर सांगितलं. मग तूच सुधारून लिही, असं गार्डनर यांनी सुचवलं. तिने खरंच लिहिलं. आज विक्काच्या विधीत देवीच्या तोंडी असलेलं जे प्रसिद्ध गद्य म्हटलं जातं, त्याचं रूप तिच्या हातचं आहे. त्यात करुणा, नम्रता अशा गुणांबरोबर हसण्याला आणि आदराला शेजारी शेजारी बसवलंय.

भांडण लागलं ते वर्तमानपत्रांवरून. गार्डनर मुलाखती देत सुटले होते आणि त्याची झळ मंडळीतल्या नोकरदार माणसांना बसण्याची भीती होती. तेव्हा चेटूक करणारा म्हणून नाव छापून येणं म्हणजे नोकरी, घर, शेजार सगळंच धोक्यात. १९५७ मध्ये व्हॅलिएंट आणि काही सहकाऱ्यांनी नियमांचा मसुदा करून गार्डनर यांच्यापुढे ठेवला. सगळ्यांच्या संमतीशिवाय कुणी पत्रकारांशी बोलू नये, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. इजा न करण्याचा नियम मानणाऱ्या माणसाला त्याच्याच लोकांनी विचारलेला हा अगदी साधा प्रश्न होता: तुमच्या हौसेपायी आम्हाला इजा होते, त्याचं काय?

गार्डनर यांनी उत्तर दिलं, की नव्या नियमांची गरजच नाही, जुने नियम आहेत. आणि त्यांनी जुन्या वळणाच्या इंग्रजीतला नियमांचा एक लांबलचक संच पुढे केला. तोवर त्याबद्दल मंडळीत कुणी ऐकलं नव्हतं. आपल्याला त्रास देणाऱ्यावरही विद्या वापरून सूड उगवू नये, फार तर त्याला थोपवावं, विद्येचे पैसे घेऊ नयेत, अशी काही चांगली कलमं त्यात होती. पण एक कलम असंही होतं, की मुख्य पुजारणीने वय वाढलं की तरुण बाईसाठी खुशीने जागा सोडावी. मुख्य पुजारीण तेव्हा व्हॅलिएंटच होती. तिला काय समजायचं ते समजलं. हे नियम जुने नसून नुकतेच रचलेले आहेत, हे ओळखून ती आणि तिचे सहकारी मंडळीतून बाहेर पडले.

गार्डनर यांच्या बाबतीत तिला असे अनुभव आणखीही आले. नावापुढे ते डॉक्टर लावत, आणि तिने चौकशी केली तेव्हा त्या पदवीला आधार सापडला नाही. एवढं असूनही तिने विक्का सोडला नाही. नियम प्राचीन नसले तर नसोत, चांगले असले म्हणजे झालं, अशा वाटेने ती पुढे गेली.

तिप्पट परत येतं ते काय?

विक्कातली दुसरी प्रसिद्ध समजूत म्हणजे जे कराल ते तिप्पट होऊन परत येतं. आपल्याला यात लगेच कर्मसिद्धांत दिसतो, आणि विक्काची बरीच मंडळीही तशीच तुलना करतात. पण तिचं मूळ पाहिलं तर अर्थ जरा वेगळा निघतो. गार्डनर यांच्या १९४९ च्या कादंबरीत दीक्षेचा प्रसंग आहे. दीक्षा घेणाऱ्याला दोरीच्या चाबकाचे हलके फटके बसतात आणि नंतर त्याने ते तिप्पट करून परत द्यायचे असतात. शिकवण अशी, की आपलं कुणी भलं केलं तर त्याची तिप्पट परतफेड करायला आपण बांधलेले असतो.

म्हणजे मुळात हे माणसाचं कर्तव्य होतं. पुढे ते फिरून सृष्टीचा नियम बनलं: तुम्ही काही करा, विश्व तिपटीने वसूल करील. कुठलंही पाप अचूक तिप्पट कसं मोजायचं, हा प्रश्न खुद्द व्हॅलिएंटनाही पडला होता आणि ही समजूत त्यांना कधी फारशी पटली नाही. अमेरिकेत मात्र ती झपाट्याने पसरली. रेमंड बकलंड यांनी १९६३ साली स्कॉटलंडमध्ये दीक्षा घेऊन विक्का न्यूयॉर्कजवळ नेला, आणि तिथल्या पुस्तकांतून हा तिप्पटीचा नियम घरोघरी पोचला. भीती घालणारा नियम लक्षात ठेवायला सोपा जातो, हेही कारण असेल.

शेवटचा प्रवास

१९६० साली डोना वारल्या. दम्याने गार्डनर यांचा पिच्छा कधीच सोडला नव्हता, त्यामुळे हिवाळ्यात ते ऊन शोधत जात. १९६३-६४ चा हिवाळा त्यांनी लेबनॉनमध्ये काढला. परतताना १२ फेब्रुवारी १९६४ रोजी बोटीवर, सकाळच्या न्याहारीच्या टेबलापाशी त्यांना मृत्यू आला. पुढचं बंदर ट्युनिसचं होतं. तिथेच त्यांना पुरलं, आणि दफनाला ओळखीचा म्हणावा असा फक्त बोटीचा कप्तान होता. संग्रहालय त्यांनी आपल्या एका पुजारणीच्या नावे ठेवलं होतं. १९७३ साली तिने ते अमेरिकेच्या रिप्लीज या अजबगजब वस्तूंच्या कंपनीला विकलं.

त्याच १९६४ सालच्या ऑक्टोबरात एका जेवणाच्या कार्यक्रमात डोरीन व्हॅलिएंट भाषणाला उभ्या राहिल्या आणि गार्डनर यांची ती पॉझोल राजाची नीती त्यांनी आठ इंग्रजी शब्दांच्या यमकात बांधून सांगितली. आज ज्याला विक्कन रीड म्हणतात, त्याची ही सगळ्यात जुनी नोंद. रीड या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ सल्ला. आज्ञा नव्हे. सल्ला असल्यामुळे वादही चालूच आहेत. एखाद्याने आपल्या प्रेमात पडावं म्हणून केलेला मंत्र ही इजा आहे का? बरेच जण हो म्हणतात, कारण त्यात समोरच्याची इच्छा मोडली जाते. न मागता कुणाच्या आजारावर उपचाराचा विधी करावा का? यावर मतं दोन्हीकडे आहेत. १९७४ साली अमेरिकेत मिनियापोलिसला जमलेल्या मंडळींनी तेरा तत्त्वांचं निवेदन काढलं, तरी सगळ्या विक्कनांना बांधील असं काही आजही नाही.

गार्डनर गेल्यावर काही अभ्यासकांना त्या श्रीमंत वृद्ध डॉरोथीबद्दलच शंका येऊ लागली. अशी बाई मुळात नसावीच, गार्डनर यांनी तीही रचली असावी, असं म्हटलं जाऊ लागलं. तेव्हा जुनी दप्तरं चाळायला बसल्या त्या डोरीन व्हॅलिएंट. जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी धुंडाळून त्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं, की डॉरोथी क्लटरबक खरोखर होती. हायक्लिफजवळच ती राहायची, आणि हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेतल्या अधिकाऱ्याची ती मुलगी १८८० साली बंगालमध्ये जन्मली होती. ती चेटूकविद्या मानत होती का, हे त्या नोंदींत नाही. गावात ती चर्चला जाणारी सरळमार्गी बाई म्हणूनच ओळखली जायची.